नवे घ्यावे की नीट करावे?

आमच्या आत्याचे यंत्र बंद पडले ते यंदा गौरी गेल्या त्या रात्री. दिवसभर घरात माणसांचा राबता होता. सगळे पांगल्यावर आत्या नेहमीप्रमाणे पलंगावर आडवी झाली, कानांत ती दोन बोंडे घातली आणि बटण दाबले. आत तबकडी गरगरली, थांबली, पुन्हा गरगरली आणि थांबली. यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर काही अक्षरे उमटली होती. पण ती आत्याला दिसण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा वाचून दाखविली. ‘नो डिस्क.’ म्हणजे आत तबकडीच नाही!

“नाही कशी? मी माझ्या हातानं घातलीय,” आत्या म्हणाली. “त्याचे डोळे गेले की काय?”

ती चिडून बोलली होती. पुढे एका कारागिराने याच शब्दांत निदान केले तेव्हा मला हसू आले. पण ते पुढे.

आत्याचे वय ८७. नारायण पेठेत ती एकटी राहते. दिवसा कामाला मावशी असतात, त्या संध्याकाळी सहाला जातात. मी तिची भाची. दोन गल्ल्या सोडून राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे, आणि सोमवारी नि गुरुवारी न चुकता तिच्याकडे जाते. तिचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे नोकरीला लागल्यावर तो पहिल्यांदा घरी आला १९९९ साली. तेव्हा त्याने आईसाठी हे यंत्र आणले. बशीपेक्षा थोडे मोठे, राखाडी रंगाचे, दोन सेलवर चालणारे. सीडी वाजविणारे पहिले यंत्र जपानात बाजारात आले १९८२च्या ऑक्टोबरात. ते टेबलावर ठेवायचे होते. हातात धरून नेता येईल असे यंत्र सोनी कंपनीने दोनच वर्षांनी, १९८४ साली काढले. आत्याच्या घरी तसले यंत्र यायला आणखी पंधरा वर्षे लागली. त्यानंतर जगाने गाणी ऐकण्याच्या तीन-चार तऱ्हा बदलल्या. आत्याने एकही बदलली नाही. तिच्याजवळ मोजून अकरा तबकड्या आहेत. माणिक वर्मा, भीमसेन जोशी, काही नाट्यगीते, एक सनई. सीडी हा शब्द तिने कधी उच्चारला नाही; तिच्या लेखी ती तबकडीच. रोज रात्री एक, जेवण आटोपून, दिवा मालवून. यंत्राच्या झाकणावर एकसारखी पाच बटणे होती. अंधारात चुकू नयेत म्हणून वाजविण्याच्या बटणावर तिने मावशींच्या पाकिटातली एक मखमली टिकली चिकटवून ठेवली होती. बोटाला मखमल लागली की दाबायचे.

आधी मला वाटले, दोष तबकडीचा असेल. मलमलीचे फडके घेऊन मी अकराही तबकड्या पुसल्या. मधून कडेकडे पुसायच्या, गोल गोल फिरवून नाही. याला कारण आहे. तबकडीवरचे गाणे एका मळसूत्री ओळीत लिहिलेले असते. ती ओळ आतून सुरू होऊन बाहेर जाते, आपल्या जुन्या ग्रामोफोनच्या नेमकी उलट. ओळ सरळ केली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल, आणि दोन वळशांमधले अंतर इतके थोडे की एका केसाच्या जाडीत चाळीसएक वळसे मावतील. त्यावर ओरखडा आला तरी गाणे लगेच तुटत नाही. कारण मजकूर लिहितानाच तो विखरून आणि जास्तीची खूण ठेवून लिहिलेला असतो, आणि सुमारे अडीच मिलिमीटर ओळ पुसली गेली तरी यंत्र आजूबाजूच्या खुणांवरून ती भरून काढते. म्हणून ओळीला आडवा गेलेला ओरखडा यंत्र पोटात घालते, ओळीच्या बाजूने गेलेला मात्र त्याला जड जातो. दुसऱ्याची चूक पोटात घालण्याची इतकी सोय आपण एखाद्या वस्तूत करतो आणि माणसामाणसांत करीत नाही, याची मला तेव्हा मौज वाटली. असो. तबकड्या निर्दोष होत्या. यंत्रच बिघडले होते.

रविवारी आतेभावाचा फोन आला. त्याला सांगितले.

“ताई, अगं टाकून दे ना ते! आता कोण वापरतं? मी एक स्पीकर पाठवतो. नुसतं तोंडानं म्हणायचं, माणिक वर्मा लाव, की लागतं.”

“अरे, पण ते तूच आणलेलं आहेस. पहिल्या पगारातून.”

“मी?” तो क्षणभर थांबला. “खरंच? मला आठवतसुद्धा नाही.”

मग मी त्याला एक व्याख्यान दिले. शिक्षकी पेशाची खोड, दुसरे काय! आजकालच्या वस्तू मुद्दाम लवकर मरणाऱ्या बनवितात, हे सांगितले. १९२४ साली मोठमोठ्या दिवे-कंपन्यांनी जिनिव्हात एकत्र येऊन, विजेचा दिवा हजार तासांपेक्षा जास्त टिकू द्यायचा नाही असा करार कसा केला, ते सांगितले. आपल्याकडेही २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाला दुरुस्तीच्या हक्कासाठी निराळे पोर्टल काढावे लागले, हेही सांगितले. वस्तू टाकणे हा संस्कार आहे आणि तो वस्तूंपाशी थांबत नाही, असे एक वाक्यही मी टाकून दिले. तो मुकाट्याने ऐकत होता. शेवटी म्हणाला, “बरं बरं. कर दुरुस्त. पण लवकर कर.”

आत्यानेही माझीच बाजू घेतली, निदान मला तसे वाटले. पितृपंधरवडा तोंडावर आला होता. “पंधरवड्यात नवं काही घेत नाहीत,” तिने मुलाला फोनवर ठणकावून सांगितले. तरी त्याने पाठविलेला स्पीकर दोन दिवसांत दारात आलाच. तो डबा तिने फ्रिजवर ठेवला आणि वर विणलेला रुमाल घातला. मला म्हणाली, “त्याला हाक मारायची म्हणे. घरात हाक मारायला माणूस नाही म्हणून आता डब्याला हाक मारू?”

हे सारे मी मोठ्या समाधानाने सांगत आहे. पण इथे मला एक कबुलीही द्यायला हवी. ते यंत्र मी आत्याकडून आणले, कापडी पिशवीत घातले, आणि ती पिशवी माझ्या कपाटात तेरा दिवस पडून राहिली. आधी विसर्जनाच्या मिरवणुकीची गर्दी होती. मग पाऊस होता. मग माझा गुडघा होता. मग पंधरवडा लागला. पंधरवड्यात वस्तू दुरुस्तीला टाकू नये असे कुठल्याही शास्त्रात नाही, हे मला ठाऊक होते. तरी ते कारण मला सोयीचे वाटले. दुरुस्तीचा पक्ष घेणे सोपे आहे, बुधवार पेठेत जाणे अवघड आहे. आणि त्या तेरा दिवसांत मी दुसऱ्या दोन मैत्रिणींनाही ते दिव्याचे व्याख्यान दिले होते!

तेराव्या दिवशी मावशी मला जिन्यात भेटल्या. “ताई, आजी रात्रीच्या झोपत नाहीत हो. शेजारच्या वहिनी सांगत होत्या. दोन-दोनदा उठून स्वयंपाकघरात जातात, दिवा लावतात, गॅस बंद आहे का बघतात. आधी असं नव्हतं.”

मी घरी आले आणि पिशवी काढली.

आमच्या लहानपणी वस्तू टाकीत नसत, असे आम्ही साठीनंतरची माणसे फार अभिमानाने सांगतो. मीही सांगते. कल्हईवाला दारात येई, गळक्या बादलीला डाग द्यायचे, उसवलेल्या चपला कोपऱ्यावर शिवून आणायच्या, फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या. सगळे खरे. पण माझी आई बादलीला डाग देऊन आणी ती तत्त्वज्ञानाने नव्हे. दुसरी बादली घ्यायला पैसे नव्हते म्हणून. पैसे येताच तिने नवी घेतली, आणि नव्या बादलीकडे ती कशी बघत होती तेही मला आठवते. तेव्हा दुरुस्ती म्हणजे सद्गुण आणि खरेदी म्हणजे दुर्गुण, हे समीकरण मला आता मांडवत नाही. आतेभाऊ काही दुष्ट नव्हे. त्याला आईची काळजी होती, त्याच्या हाताशी पैसे होते आणि वेळ नव्हता. माझ्याजवळ वेळ होता, आणि तोही मी दिला नव्हता. आत्याच्या रात्रींच्या हिशेबात आम्हा दोघांत चांगले कोण ठरेल, हे मला सांगता आले नसते.

नव्या वस्तूच्या किमतीत एक खर्च धरलेला नसतो, तो म्हणजे वापरणाऱ्याने पुन्हा शिकण्याचा. विशीतल्या माणसाला तो जाणवतच नाही. ८७ व्या वर्षी तो फार मोठा असतो. फोनवर गाणी लावून बघ असे मीच आत्याला एकदा सांगितले होते. तिची बोटे काचेवर कितीदा टेकली तरी फोनला ती कळतच नाहीत. म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी होते आणि स्पर्शाने चालणाऱ्या त्या काचेला कोरडे बोट नीट उमगत नाही. आत्याने दोनदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले, आणि मग फोन माझ्याकडे देऊन म्हणाली, “तूच लाव.” त्या ‘तूच लाव’ मध्ये सगळे आले. जी बाई २५ वर्षे अंधारात, कुणाला न विचारता, आपले गाणे आपण लावीत होती, तिला आता त्यासाठी माणूस लागणार. आपण म्हाताऱ्या माणसाला नवी वस्तू देतो तेव्हा कधीकधी त्याच्याजवळची एक जुनी गोष्ट काढून घेतो, आणि ती गोष्ट यंत्र नसते.

तर बुधवार पेठ. तपकीर गल्लीत विजेच्या सामानाची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. पहिल्या दुकानातल्या मुलाने यंत्र हातात घेतलेसुद्धा नाही. “आजी, हे आता म्युझियममध्ये द्या,” तो म्हणाला. (मला प्रथमच कुणी आजी म्हटले, तेही असो.) दुसऱ्याने तसलेच एक नवे यंत्र दाखविले. हो, अजून निघतात. हलके, गुळगुळीत, बटणे कडेला आणि तांदळाएवढी. मी डोळे मिटून त्यावरून बोट फिरविले. कुठे काय आहे ते मला कळेना, मग आत्याला काय कळणार? तिसऱ्याने जिन्याकडे बोट दाखविले. वर एका माळ्यावर एक कारागीर बसतात. साठीपुढचे, जाड चष्म्याचे, समोर उघड्या पोटाची दहा-पंधरा यंत्रे.

त्यांनी काही न बोलता झाकण उघडले. झाकण उघडे असले की यंत्र चालत नाही. तशी एक कळ त्यात असते, कारण आतला किरण डोळ्यात जाता कामा नये. त्यांनी त्या कळीत आगकाडी खोचून यंत्राला फसविले. मग मला खूण केली, “बाजूनं बघा, वाकून बघू नका.” तबकडीच्या जागेखाली मुगाएवढे एक भिंग आहे. ते तारेच्या वेटोळ्यांवर तरंगत असते. बटण दाबताच ते भिंग वर आले, खाली गेले, वर आले, खाली गेले, पुन्हा एकदा वर आले, आणि थकल्यासारखे जागेवर बसले. पडद्यावर ‘नो डिस्क’.

“शोधतंय,” कारागीर म्हणाले. “तबकडी कुठं आहे ते चाचपतंय. दिसत नाही, म्हणून नाही म्हणतं.”

त्यांनी भिंग पुसले, वाळून गेलेले ग्रीस खरवडून नवे लावले, दातेरी चाके तपासली. पुन्हा तेच. तबकडी सुरुवातीला मिनिटाला सुमारे पाचशे फेरे घेते आणि बाहेर येता येता दोनशेवर उतरते. तेवढ्या वेगात त्या बारीक ओळीवर नजर ठेवायची म्हणजे किरण तेजस्वी हवा. तो किरण आपल्याला दिसत नाही, तांबड्याच्याही पलीकडचा असतो. आणि वापरता वापरता त्याचा उजेड मंदावत जातो.

“डोळा गेला, बाई. बाकी ठणठणीत आहे.”

नवा डोळा मिळेल का, असे मी विचारले. या यंत्राचा मिळत नाही, बनविणे कधीच थांबले. दुरुस्तीचा हक्क सरकारने मान्य केला तरी तो मागायचा कुणाकडे? एकच वाट होती. तसलेच दुसरे यंत्र शोधायचे. “रविवारी जुन्या बाजारात बघतो,” ते म्हणाले. “मिळालं तर मिळालं.”

पहिल्या रविवारी मिळाले नाही. दुसऱ्या रविवारी मिळाले. मी गेले तेव्हा दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवलेली होती. रंग सोडला तर जुळी भावंडेच. दुसऱ्याचे झाकण तडकले होते. आत कुणीतरी सेल वर्षानुवर्षे विसरले असावे. ते पाझरून पट्ट्यांवर पांढरे-हिरवे साचले होते. पण डोळा उत्तम होता. झाकणावर अर्धवट खरडलेले एक चित्र चिकटविलेले होते. फुलपाखरू असावे. कुणा मुलीचे असेल ते. आता तीही चाळिशीला आली असेल.

माझी कल्पना अशी, की त्याचा डोळा काढून याला बसवायचा. नेत्रदानासारखे. कारागिरांनी मान हलविली.

“उलटं करतो. त्याचं पोट चांगलं आहे, तुमचं झाकण चांगलं आहे. पोटाला हात न लावता झाकण, बटणं आणि सेलच्या पट्ट्या बदलतो. तासाभराचं काम, आणि भरवशाचं. डोळा उपटून लावायला गेलो तर आपल्या अंगातल्या विजेची एक ठिणगी पुरे. आपल्याला कळायचंसुद्धा नाही, आणि तो मरेल. मग दोन्ही गेली.”

मी गप्प झाले. ते म्हणत होते ते शहाणपणाचे होते. परंतु मग हे आत्याचे यंत्र दुरुस्त झाले म्हणायचे, की ते टाकून दुसरे घेतले आणि त्याला आत्याच्या यंत्राचा मुखवटा चढविला म्हणायचे? महिनाभर मी ज्या गोष्टीविरुद्ध बोलत होते तीच चोरपावलांनी होत नव्हती का? “विचार करून येते,” असे सांगून मी जिना उतरले.

जवळच पासोड्या विठोबाचे देऊळ आहे. तिथे पूर्वी पासोड्या विकायला बसत म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. मी जरा टेकले. समोर विठोबा, त्यामुळे आपोआप पंढरपूर मनात आले. पंढरीची मूर्ती झिजते. शतकानुशतके लाखो हात त्या पायांना लागले. म्हणून तिला वज्रलेप करतात. २०२० सालीही केला. दगड तोच राहिला पाहिजे, त्याचे आयुष्य वाढवायचे, ही आपली रीत. जगन्नाथपुरीची रीत याहून निराळी. तिथे देव कडुलिंबाच्या लाकडाचे. ठराविक वर्षांनी, अधिक आषाढ आला की, लाकूड नवे निवडून नव्या मूर्ती घडवितात. मागे १९९६ साली आणि नंतर २०१५ साली असे नवकलेवर झाले. जुन्या मूर्तींना तिथेच भूमीत समाधी देतात. पण त्याआधी मध्यरात्री, काळोखात, डोळे बांधून आणि हातांना वस्त्र गुंडाळून, पुजारी जुन्या मूर्तीतले ‘ब्रह्म’ नव्या मूर्तीत ठेवतात. ते काय आहे, हे कुणी पाहिलेले नाही. बाकी सगळे बदलले तरी तेवढे हलविले की देव तोच.

दोन्ही ठिकाणी देव तोच आहे, याबद्दल वारकऱ्याच्या मनात शंका नाही आणि पुरीच्या यात्रेकरूच्याही नाही. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत. फरक इतकाच, की कशाला हात लावायचा नाही हे त्यांनी आधी ठरवून ठेवले आहे. माझे तसे काही ठरलेच नव्हते. आत्याच्या यंत्राचे ब्रह्म कुठे आहे? मी धरून चालले होते की ते आत आहे, त्या किरणात, त्या तारांत, जिथे ‘यंत्र’ असते तिथे. पण आत्याने ते आतले कधी पाहिलेही नव्हते. तिची बोटे पोचली होती ती झाकणापर्यंत. झाकणाचा तो खटका, बटणांमधले अंतर, कडेचा एक टवका, तिच्या हातातून एकदा पडले तेव्हाचा. २५ वर्षे ती जिथे जिथे यंत्राला भेटत होती ते सगळे बाहेरच होते. बुद्धिवादी माणसाला बाहेरचे ते खोटे आणि आतले ते खरे असे मानायची सवय लागलेली असते. मलाही लागलेली आहे. इथे ती उपयोगी पडेना.

मी परत जिना चढले आणि म्हटले, “तुम्ही म्हणता तसंच करा.” तेव्हा मला मोठा निर्णय घेतल्यासारखे वाटले. आत्याला एक फोन करून विचारावे, हे मात्र सुचले नाही.

खंडेनवमीला मी यंत्र आणायला गेले तेव्हा त्या माळ्यावर पूजा मांडली होती. डाग देण्याची कांब, चिमटे, बारीकसारीक स्क्रूड्रायव्हर यांना गंध-फूल वाहिलेले. कारागिरांनी साडेसहाशे रुपये घेतले. यंत्र त्यांनी स्पिरिटने लख्ख पुसून ठेवले होते. उरलेले दुसरे यंत्र, तडकलेल्या झाकणाचे, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. “हे तुमचंच. पैसे दिलेत तुम्ही.”

दसऱ्याला आत्याकडे सोने द्यायला गेले. जेवण झाल्यावर यंत्र पुढ्यात ठेवले आणि सगळे खरे सांगून टाकले. आतले सगळे दुसऱ्या कुणाचे आहे, तुझे म्हणशील तर झाकण, बटणे आणि सेलच्या पट्ट्या. हे सांगताना मी पंढरपूर, जगन्नाथपुरी, सगळे घेतले. आत्या ऐकत होती आणि एकीकडे झाकणावरून बोटे फिरवीत होती.

“माझ्या डोळ्यांत तरी कुठं माझी भिंगं आहेत?” ती म्हणाली. “दोन्ही प्लास्टिकची. म्हणून मी कुणी दुसरी झाले काय? पुढं सांग.”

मोतीबिंदूच्या जागी बसवितात त्या भिंगाचीही एक हकिकत आहे. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले या डॉक्टरांनी तसले पहिले भिंग माणसाच्या डोळ्यात बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिकच्या काचेचे कण घुसत, आणि ते तिथे उपद्रव न करता राहतात, हे त्यांनी पाहिले होते. मी हे आत्याला सांगायला सुरुवात केली. पण तिचे लक्ष नव्हते. तिची बोटे झाकणावर पुन्हापुन्हा तीच वाट चालत होती, आणि चेहरा गोंधळला होता.

“टिकली कुठाय?”

मी पाहिले. पाचही बटणे स्वच्छ होती. स्पिरिटने त्यांनी धूळ पुसली, सेलची घाण पुसली आणि टिकलीही पुसून टाकली होती. इतका विचार करून, इतके सगळे वाचवून, नेमकी टिकली गेली होती. माझ्यासुद्धा ती ध्यानात आली नव्हती. मावशी घरी गेल्या होत्या, त्यांचे पाकीट सापडेना. मी माझ्या कपाळाची टिकली काढली आणि बटणावर दाबून बसविली. आत्याने बोट टेकवून पाहिले. “ही जरा मोठी आहे. चालेल.” मग तिने बोंडे कानांत घातली आणि बटण दाबले.

आत तबकडी गरगरली आणि थांबली नाही. मला काही ऐकू येत नव्हते. आत्याच्या पायाचा अंगठा हलायला लागला, त्यावरून कळले. थोड्या वेळाने तिने एका कानातले बोंड काढले.

“मला विचारायचं होतंस गं,” ती म्हणाली. “मी म्हटलं असतं, आतलं कुणाचं का असेना, बाहेरचं कुणाचं का असेना. टिकली मी लावली असती. पण आजच आण. महिना लावलास.”

मी काही बोलले नाही. बोलले असते तरी तिने बोंड पुन्हा कानात घातले होते.

ते दुसरे यंत्र, फुलपाखराचे, अजून माझ्या कपाटात त्याच कापडी पिशवीत आहे. त्यातला अधू डोळा आता आत्याच्या यंत्राचा. ई-कचरा गोळा करायला महिन्याकाठी गाडी येते. दिवाळीच्या साफसफाईत पिशवी दोनदा हातात आली आणि दोनदा मी ती परत ठेवली. फ्रिजवरच्या डब्यावरचा रुमाल मात्र आत्याने परवा धुवायला काढला. आतेभाऊ नाताळात येणार आहे. तोवर तो डबा तिथेच राहू दे, म्हणाली, त्याला वाईट वाटायला नको.